मदत हवी आहे: स्कार्फची लोकर जमतच नाहीये!

झुळूक: ओल्या फेल्टिंगने, म्हणजे न विणता, साबणपाण्यात चोळून लोकरीचे तंतू एकमेकांत जमवून, हलका स्कार्फ करतेय. बबलरॅपवर दोन पातळ थर, एक उभा एक आडवा, वर मच्छरदाणीची जाळी, साबणाचं कोमट पाणी. पाइपभोवती गुंडाळून पाचशे वेळा लाटलं. तरी चिमटीत धरलं की वरचा थर सायीसारखा सुटून येतो. भाची शनिवारी एडिनबर्गला निघतेय. पटकन सांगा!

चिंचोका: लोकर कुठली? किती ग्रॅम?

झुळूक: मेरिनो. पांढरी. अजून काय सांगू?

पाणचक्की: उकळतं पाणी घ्या. माझा स्वेटर एकदाच गरम पाण्यात पडला, आता लेकाला बसतो.

चिंचोका: विणलेला स्वेटर आणि सुटे तंतू एकच का? सुरुवातीलाच कढत पाणी आणि जोर लावला तर थर सरकतात, चुण्या पडतात. आधी जाळीवरून हलक्या हाताने चोळायचं. तंतूंनी एकमेकांना धरलं की मग गरम पाणी आणि जोर. झुळूक, ग्रॅम?

भुईकमळ: मेरिनोचे चोचले कशाला? दख्खनी मेंढीची लोकर घ्या. आमच्या कोल्हापूरकडे जेन, म्हणजे लोकरीचं अंथरूण, असंच करतात, पाणी मारून तुडवून. माग नाही की सुई नाही.

चिंचोका: जेन अंथरायला हो! पोरीच्या गळ्याला टोचेल ना.

भुईकमळ: आम्ही घोंगडीत वाढलो. कुणाला टोचलं नाही.

रातकिडा: घोंगडीला खळ चिंचोक्याचीच लागते, भांडू नका दोघं.

सदाफुली: स्कार्फ शाम्पूने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा.

झुळूक: सदाफुलीताई, आधी होऊ तर दे! ५० ग्रॅम. मांडणी २१० बाय ४५ सेंमी.

चिंचोका: वजन ठीक. आटून दीडेक मीटर राहिला असता. पाकिटावर काय लिहिलंय?

झुळूक: 'सुपरवॉश'. म्हणजे भारीतलीच ना?

चिंचोका: हात्तिच्या! तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात म्हणून लोकर जमते. मशीनमध्ये धुता यावी म्हणून सुपरवॉशमध्ये नेमके तेच खवले क्लोरीनने झिजवतात नाहीतर रेझिनने लिंपतात. जन्मभर लाटलंत तरी जमायची नाही. साधी मेरिनो मागवा, तंतूची जाडी १९ मायक्रॉनच्या आसपास असलेली.

झुळूक: हे आधी विचारायचं ना! आणि उरलेली दीडशे ग्रॅम?

भुईकमळ: टकळीवर काता. सूत होईल, विणा.

झुळूक: शनिवारपर्यंत?

पाणचक्की: उकळतं पाणी घालून बघितलं का पण?