मदत हवी आहे: संकटाच्या पहिल्या तासात संस्थेच्या वतीने कोणी बोलायचं आणि काय?

नमस्कार,

आमची संस्था लहान आहे. पगारी माणसं २, नियमित येणारे स्वयंसेवक २२. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस आणि संध्याकाळची मुलांची अभ्यासिका, एवढंच काम. आपत्तीशी आपला संबंध आला तर मदतफेरीपुरता, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका रात्री वस्तीत पाणी शिरलं.

रात्री ११ वाजता एका कार्यकर्त्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'केंद्र उघडलंय, ज्यांच्या घरात पाणी आहे त्यांनी इकडे या.' पाऊण तासात केंद्रातही पाणी आलं, त्याने कुलूप लावलं आणि दुसऱ्या कार्यकर्तीने लिहिलं, 'केंद्रात येऊ नका.' दोघांनीही त्या त्या वेळी खरंच सांगितलं होतं. पण निरोपात वेळ नव्हती, लोक दोन्ही निरोप पुढे पाठवत राहिले, आणि मध्यरात्रीनंतर दोन कुटुंबं लहान मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यातून बंद दारापर्यंत आली.

३४ वृद्धांची यादी, त्यांची औषधं, नातेवाइकांचे नंबर, सगळं ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर. वीज गेलेली. आठवतील तेवढे नंबर लावत बसलो. एका आजींशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपर्क झाला नाही. तोवर 'त्या बेपत्ता आहेत' हा निरोप परगावच्या त्यांच्या मुलापर्यंत पोचलाही होता. आजी शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर सुखरूप होत्या. मुलाचा फोन मी घेतला. तो आवाज अजून कानात आहे.

मी संस्थेची सचिव. त्या रात्री पाच तास मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. पक्कं काही कळलं की बोलू, असं वाटत होतं. मी गप्प राहिले आणि लोकांनी आपापले अंदाज खरे मानले. सकाळी एका पत्रकाराचा फोन १९ वर्षांच्या नव्या स्वयंसेवकाला गेला. त्याने ऐकलेलं सांगितलं, तेच छापून आलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. बाहेरच्यांशी कोणी बोलायचं हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर बरंच वाचलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, संकटकाळातल्या संवादाची सूत्रं आहेत. त्यातली पहिली तीन अशी: लवकर सांगा, बरोबर सांगा, विश्वास बसेल असं सांगा. मी नेमकी दुसऱ्यासाठी पहिलं सोडून दिलं होतं. बांगलादेशबद्दलही वाचलं. १९७० च्या चक्रीवादळात तिथे लाखो माणसं गेली. १९७२ मध्ये सरकार आणि रेड क्रॉसने (तिथली आजची रेड क्रेसेंट) गावोगावच्या स्वयंसेवकांची यंत्रणा उभी केली. ते भोंगे घेऊन फिरतात, धोक्याची पातळी दाखवायला झेंडे लावतात. २००७ च्या 'सिद्र' वादळात मृत्यूंचा आकडा सुमारे ३,४०० होता. बंधारे आणि निवारे वाढले हेही त्यामागे आहेच, पण इशारा दारापर्यंत नेणारं ओळखीचं माणूस ही गोष्ट मला आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली वाटते.

आता अडचणी. आमच्या घटनेप्रमाणे निर्णय कार्यकारिणीचा, आणि सभेला सात दिवसांची नोटीस लागते. रात्री ११ ला केंद्र उघडायचं की नाही हे कोणी ठरवायचं? काहीच माहिती नसताना काय लिहायचं? स्मार्टफोन नसलेल्यांपर्यंत कसं पोचायचं? वृद्धांची यादी कागदावर काढून दहा जणांकडे ठेवावी असं एक मत आहे, पण त्यात आजार आहेत, एकटं कोण राहतं ते आहे. मला ते बरं वाटत नाही. जाडजूड आराखडा नको. वीज नसताना वाचता येईल असं एक पान हवं. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी अधिकाराचं बघा, बाकीचं त्यावर उभं राहतं. कार्यकारिणीचा एकदाच ठराव करून घ्या: आणीबाणीत केंद्र उघडणं, बंद करणं, ठरावीक रकमेपर्यंत खर्च आणि संस्थेच्या वतीने बोलणं हे अधिकार तीन माणसांना, क्रमाने. पहिल्याला दोनदा फोन लावून १५ मिनिटांत उत्तर नाही तर अधिकार आपोआप दुसऱ्याकडे. तिघं एकाच गल्लीत राहणारी नकोत, कारण तिघांची वीज एकदम जाईल. किल्लीही तिघांकडे.

माहिती नसताना काय लिहायचं? माहिती नाही हेच लिहायचं, पण वेळेसकट. आम्ही असा निरोप पाठवतो: 'निरोप २, रात्री ११:४५. केंद्रात पाणी आलं आहे, केंद्र बंद. निरोप १ रद्द. दुसरी जागा अजून ठरलेली नाही, दोन ठिकाणी विचारतो आहोत. पुढचा निरोप १२:१५ ला.' आणि १२:१५ ला नवीन काही नसलं तरी 'अजून ठरलं नाही, पुढचा निरोप १२:४५ ला' हे जायलाच हवं. माणसं वाट बघायला तयार असतात, फक्त किती वेळ ते सांगावं लागतं. निरोपाला क्रमांक घातला की जुना निरोप फिरत आला तरी ओळखू येतो. तुमच्या त्या दोन कुटुंबांना एवढ्याने परत फिरता आलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा वेगळा ग्रुप आत्ताच करा. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही. नेटवर्कवर ताण असताना फोन लागला नाही तरी साधा एसएमएस बऱ्याचदा पोचतो, म्हणून निरोप एका एसएमएसमध्ये मावेल एवढा ठेवा.

आणि 'इकडे या' म्हणण्याआधी जागा मोजा. मदतकार्यातली स्फिअर मानकं निवाऱ्यात माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा धरतात, स्वयंपाक आणि स्वच्छतागृह सोडून. ७० चौरस मीटरचा हॉल असेल तर २० माणसं. हा आकडा त्या पानावर लिहिलेला हवा, रात्री कोणाला गणित सुचत नाही.

प्रतिसाद २

यादीबद्दल तुमची शंका योग्य आहे. सगळी यादी सगळ्यांकडे नकोच. ३४ जणांचे सात गट करा, प्रत्येक स्वयंसेवकाकडे चार-पाच जणांचीच नावं, तीही जवळ राहणाऱ्यांची. कागदावर नाव, पत्ता, फोन, एका नातेवाइकाचा नंबर. औषधांची माहिती बंद पाकिटात त्या व्यक्तीच्याच घरी, ठरलेल्या जागी. आणि हे सगळं त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने. पूर्ण यादीच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक वस्तीबाहेर.

दारावर 'मी ठीक आहे' अशी खूण म्हणून रंगीत कापड बांधायची कल्पना आम्ही वापरली, पण फक्त एकट्या वृद्धांच्या दारावर नको. त्याने एकटं कोण हे चोरालाही कळतं. पूर्ण गल्लीने बांधायचं; ज्या दारावर कापड नाही तिथे आधी जायचं.

फोनसाखळीत शेवटच्या माणसाने पहिल्याला उलट फोन करायचा, नाहीतर साखळी मध्ये तुटली तरी कळत नाही. वर्षातून दोनदा, न सांगता, लावून बघा. आमच्या पहिल्या तालमीत ११ नंबर बदललेले निघाले.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ठरावाचा मसुदा आज रात्री लिहायला घेते, आणि गट पाडायला रविवारी सगळ्यांना बोलावलंय. पत्रकाराचा फोन आला तर नव्या मुलांनी म्हणायचं वाक्यही त्या पानावर घालते: 'मी केंद्रात काम करतो, माहिती या नंबरवर मिळेल.'

एक प्रश्न मात्र उरतोच. एखाद्या आजींशी संपर्क होत नाहीये आणि त्यांच्या मुलाला अजून काही कळलेलं नाही, अशा वेळी आम्ही आपणहून त्याला फोन करायचा का? केला तर किती वेळ वाट बघून? मला वाटतं की ग्रुपवर कोणाचंही नाव जाण्याआधी तो फोन व्हायला हवा, पण 'आई सापडत नाही' हे वाक्य कसं उच्चारायचं हे मला येत नाही. ज्यांनी असा फोन केला आहे त्यांनी, शक्य असेल तर, आपण नेमके कोणते शब्द वापरले ते लिहाल का?