शब्दचर्चा : ‘विद्यार्थीसेवा’ की ‘विद्यार्थ्यांमधील सेवा’?

प्रश्न : आमच्या शहरातील महाविद्यालयांत शिकणारे ख्रिस्ती विद्यार्थी आठवड्यातून एकदा जमून बायबलचा अभ्यास व प्रार्थना करतात, वर्गमित्रांना येशूविषयी सांगतात आणि दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेतात. या कार्याला आम्ही सर्रास ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ व ‘आउटरीच’ म्हणतो. शिबिराच्या पत्रकासाठी मराठी शब्द हवा आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतले, तेव्हा ‘विद्यार्थी मंत्रालय’ असे आले. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) ज्येष्ठ लोक ‘विद्यार्थीसेवा’ सुचवतात. तो शब्द योग्य ठरेल का?

उत्तर : ‘मंत्रालय’ बाद करायला विचार लागत नाही. ‘विद्यार्थीसेवा’ हा शब्द मात्र दिसायला इतका सरळ आहे की त्यातील अडचण चटकन ध्यानात येत नाही. ‘सेवा’ या शब्दाआधी जोडलेले पद मराठीत दोन तऱ्हांनी अर्थ देते. रुग्णसेवा म्हणजे रुग्णांची सेवा, गोसेवा म्हणजे गाईची सेवा; येथे सेवा कोणाची हे पहिले पद सांगते. सप्ताहाच्या पत्रिकेत ‘कीर्तनसेवा’ असे छापलेले असते, तेव्हा मात्र कीर्तनाची सेवा करायची नसून कीर्तनाच्या रूपाने देवाची सेवा करायची असते. ‘विद्यार्थीसेवा’ वाचणारा माणूस साहजिकच पहिला अर्थ घेईल आणि त्याच्या डोळ्यांपुढे वसतिगृह, खानावळ, शिष्यवृत्तीचे अर्ज असे काहीतरी उभे राहील. शिवाय महाविद्यालयात ‘सेवा’ म्हटले की राष्ट्रीय सेवा योजना आठवते. ती 1969 पासून चालू आहे, आणि तिच्यामुळे ‘शिबिर’ या शब्दाबरोबरही दत्तक गाव, सात दिवसांचा मुक्काम आणि हातातील कुदळ-फावडे हे चित्र कायमचे जोडले गेले आहे.

ख्रिस्ती मराठीत ‘सेवा’ला जो खास अर्थ आहे, म्हणजे देवाच्या कार्याला वाहून घेणे, तो घराबाहेर सहसा पोहोचत नाही. माझ्या थोरल्या भावाने पदवीनंतर ‘मी सेवेत जातोय’ असे सांगितले, तेव्हा शेजारच्या काकांनी मोठ्या आनंदाने ‘कोणत्या खात्यात?’ असे विचारले होते. ‘सेवानिवृत्त’, ‘लोकसेवा आयोग’ हे शब्द रोज कानांवर पडणाऱ्या माणसाने दुसरे काय समजावे? तरीही हा शब्द आपण सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यास नव्हे, तर सेवा करण्यास आला, हे मार्कच्या दहाव्या अध्यायातील वचन या कार्याच्या मुळाशी आहे, आणि तेथे ‘सेवा’ला पर्याय नाही.

म्हणून प्रश्न ‘सेवा’ या शब्दाचा नसून त्याच्या आधी काय यावे याचा आहे. ‘विद्यार्थ्यांची’, ‘विद्यार्थ्यांसाठी’ की ‘विद्यार्थ्यांमधील’? या तीन रूपांत केवळ व्याकरणाचा फरक नाही, तर त्यांमागे तीन निराळ्या कार्यपद्धती आहेत. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा, जी पुढे विल्सन कॉलेज झाली, किंवा 1883 चे नागपूरचे हिस्लॉप कॉलेज, येथील कार्य विद्यार्थ्यांसाठी होते. शिकवणारा मिशनरी, ऐकणारा विद्यार्थी. परंतु विद्यार्थ्यांनी स्वतः उभ्या केलेल्या चळवळीचा उगम निराळा आहे, आणि त्यातील एक धागा थेट कोल्हापुरात येतो. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म 1863 मध्ये कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील रॉयल वाइल्डर तेथे मिशनरी होते. हा मुलगा पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला आणि 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे जमलेल्या 251 विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बसला. त्याने व्यासपीठावरून त्यांचे मन वळवले नाही. एकेकाशी बोलून, लहान गटांत प्रार्थना करून वळवले. मेळावा संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्यासाठी आपले नाव दिले होते. त्यातून 1888 मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली, आणि 1890 च्या दशकात वाइल्डर स्वतः भारतात परतून महाविद्यालयीन तरुणांमध्ये काम करू लागले. भारतात 1912 मध्ये ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ आणि 1954 मध्ये ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स’ स्थापन झाली. आपल्या गटाचे स्वरूपही हेच असेल, म्हणजे अभ्यास घेणारा आणि ऐकणारा हे दोघेही उद्या एकाच परीक्षेला बसणार असतील, तर ‘विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती सेवा’ हेच अचूक नाव आहे. ते थोडे लांब आहे, पण त्यातील ‘मधील’ गाळला तर कार्याचा प्राणच जातो.

‘कॅम्पस’साठी ‘आवार’ किंवा ‘परिसर’ घालण्याची गरज मला वाटत नाही. असे गट बहुधा वसतिगृहाच्या खोलीत किंवा एखाद्या कुटुंबाच्या घरी जमतात, आणि ‘आवारातील कार्य’ म्हटले की महाविद्यालयाच्या परवानगीने चाललेला कार्यक्रम असा समज होतो.

आक्षेप : हे सर्व मान्य केले, तरी सरळ ‘धर्मप्रचार’ का म्हणू नये? तो शब्द सर्वांना कळतो. ‘सेवा’ म्हणून खरा हेतू झाकला जातो, असे कोणी म्हटले तर काय उत्तर द्यावे?

उत्तर : हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो टाळू नये. महाराष्ट्रात या विषयाला जुनी जखम आहे. विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, न्यायालयाने घरी परत पाठवले. त्या काळच्या ‘बाटला’ या शब्दात आईबापांचे जे दुःख आहे, ते आपण ख्रिस्ती लोकांनीही समजून घ्यावे. म्हणूनच पत्रकात हेतू उघड लिहिलेला असावा, याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. माझी हरकत ‘प्रचार’ या शब्दाला आहे. निवडणुकीमुळे त्याला ध्वनिक्षेपक आणि घोषणा चिकटल्या आहेत. त्यात एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते. ‘प्रसार’ मात्र दरवळासारखा पसरतो. संविधानाच्या मराठी पाठातही अनुच्छेद 25 मध्ये ‘प्रसार’ हाच शब्द आहे. तेव्हा ‘सुवार्ताप्रसार’ असे स्वच्छ लिहावे. ‘सुवार्ता’ म्हणजे चांगली बातमी. हा शब्द प्रोटेस्टंट मंडळींप्रमाणेच वसईच्या कॅथलिकांनाही आपला वाटतो, त्यांचे एक जुने मासिक याच नावाचे आहे.

‘आउटरीच’साठी ‘बाहेर पोहोचणे’ असे काही घडवू नये. आपण मराठीत भेटीगाठी घेतो, ओळख वाढवतो. कार्याच्या अहवालात ‘संपर्क’ पुरेसा आहे. अभ्यास-प्रार्थनेसाठी एकत्र जमण्याला आपण ‘फेलोशिप’ म्हणतो; तो शब्द मात्र जरूर बदलावा, कारण विद्यापीठात त्याचा अर्थ संशोधकाला दरमहा मिळणारी रक्कम असा होतो आणि ‘शुक्रवारी फेलोशिप आहे’ हे वाक्य नव्या विद्यार्थ्याला कळत नाही. ‘संगती’ हा शब्द येथे चांगला बसतो. ‘साक्ष’ तसाच राहू द्यावा. न्यायालयातील साक्षीप्रमाणेच येथेही स्वतः पाहिले-अनुभवले तेवढेच सांगायचे असते.

पत्रकाचा मथळा ‘विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती सेवा : वार्षिक शिबिर’ असा ठेवावा आणि त्याखाली लहान अक्षरांत एक ओळ द्यावी : ‘बायबल अभ्यास, प्रार्थना व सुवार्ताप्रसार यांसाठी विद्यार्थ्यांनी चालवलेली संगती. कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याने यावे, ऐकावे, प्रश्न विचारावेत.’