क्रीपला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: पदविकेच्या मुलांसाठी धातुशास्त्राची टिपणं मराठीत आणतेय. 'क्रीप'साठी, म्हणजे सतत भाराखाली धातू हळूहळू कायमचा लांबत जातो त्यासाठी, मी 'विसर्पण' लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी खोडून 'सरपटणे' केलं. वाक्य असं: 'काटकोनात वळलेल्या साच्यातून ॲल्युमिनियमचा दांडा पुन्हा पुन्हा दाबून काढला की रवा (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनतो त्यातला एक) साधारण १ मायक्रॉनपर्यंत बारीक होतो. असा दांडा २०० अंश सेल्सियसला सतत भाराखाली ठेवला तर…' पुढे क्रियापद कोणतं?

कोल्हापूरकर: सरपटणारा जागा सोडतो. दांडा जागेवरच असतो, नुसता लांबत जातो. आणि विसर्प हा तर आयुर्वेदातला त्वचारोग! कारखान्यात सगळे क्रीपच म्हणतात, तेच ठेवा.

पाऊलवाट: रोगाला ते नाव पडलं तेही हळूहळू पसरतो म्हणूनच. दोन्हींचा संस्कृत क्रियाधातू तोच, 'सृप्'. मुलांना एकदा समजावलं की विसर्पण रुळेल. सगळंच इंग्रजी ठेवायचं तर टिपणं मराठीत कशाला?

माळ्यावरचा: आमच्या जुन्या घरात माळ्याच्या कडीवर, म्हणजे लाकडी तुळईवर, वर्षानुवर्षं भाताची पोती असायची. पोती उतरवली तरी कडी सरळ झाली नाही. आजी म्हणायची, 'कडी झोळली.' भार तोच, वाक मात्र वाढत गेला. 'झोळणे' घ्या की.

कोल्हापूरकर: झोळ आडव्याला पडतो. भौतिकशास्त्रज्ञ अँड्रेडने १९१० साली शिशाच्या तारा ताणून हेच मोजलं. त्या तारा झोळल्या म्हणाल?

धातुकाम: शब्दाआधी वाक्य नीट पुरं करा. रवा बारीक म्हणजे शिवा (दोन रव्यांमधल्या सीमा) जास्त, आणि शिवेवरून अणू चटकन सरकतात. संशोधक कोबलच्या १९६३ च्या सूत्रात रवा निम्मा केला की क्रीपचा वेग आठपट होतो.

शब्दवेडी: पण मी ज्या लेखावरून टिपणं आणतेय त्यात उलटं आहे. चेक प्रजासत्ताकात ब्र्नोला शुद्ध ॲल्युमिनियमवर प्रयोग झाले. एकदा दाबलेला दांडा न दाबलेल्यापेक्षा कितीतरी सावकाश लांबला. पुढे जितक्या वेळा दाबला तितका हा फायदा ओसरत गेला.

धातुकाम: बरोबर, कोबलचं सूत्र कमी ताणाला लागू पडतं. ताण जास्त असेल तर रव्याच्या आतले दोष (अणूंच्या मांडणीतल्या चुका) कसे हलतात आणि कुठे अडतात, त्यावर सगळं ठरतं. 'बारीक रवा म्हणजे क्रीप जास्त' असं सरसकट छापू नका.

पाऊलवाट: 'शिवा' कुठून काढलंत? पुस्तकांत 'कणसीमा' आहे.

माळ्यावरचा: शीव अस्सल मराठी आहे. दोन गावांची असते तशी दोन रव्यांची.

पाऊलवाट: मग 'रवा' तरी का? 'कण'च म्हणा.

धातुकाम: कण सुटा असतो. धातूतले रवे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. 'कण' मला मुळीच पटत नाही.