पाटा सापडला म्हणून चुनाही होता?

पाटावरवंटा: शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की मेक्सिकोत बाल्सास खोऱ्यातल्या शिहुआतोश्तला निवाऱ्यात 8700 वर्षांपूर्वीच्या पाट्यांवर मक्याचे स्टार्चकण मिळाले, म्हणजे निश्तमाल, चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेला मका, तेव्हापासूनचं. साफ चूक. दाणा वाटला, एवढंच पाटा सांगतो. चुन्यात शिजवण्याची जुनी साधनं ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, इ.स.पू. 1500 ते 1200 ची. मधली पाच हजार वर्षं कशाने भरणार?

चुनानिवळी: मग टणक दाण्याचं टरफल सुटायचं कसं? किलोभर मक्याला 10 ग्रॅम विरलेला चुना, तीन लिटर पाणी, अर्धा-पाऊण तास मंद उकळी, रात्रभर भिजवण, सकाळी चोळून दोन-तीनदा धुणं. टरफलातलं हेमिसेल्युलोज, म्हणजे पेशींना धरून ठेवणारं द्रव्य, विरघळतं तेव्हाच पिठाचा गोळा होतो. कोरडा मका दळलात तर थापताना चिरा जाणारच.

पाटावरवंटा: तुमच्या डोळ्यांसमोर फक्त भाकरी आहे! पेजेला आणि लाह्यांना चुना लागत नाही. पेरूत पारेदोनेस आणि वाका प्रिएता इथल्या 6700 वर्षांपूर्वीच्या कणसांत लाह्यांचा मका आहे. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या अभिजात काळातल्या (इ.स. 250 ते 900) वस्त्यांतही तवा दुर्मीळच, मुख्य खाणं तमाल, म्हणजे पानात उकडलेला मक्याच्या पिठाचा गोळा.

राखुंडी: दोघंही चुन्यातच अडकलात. उत्तर अमेरिकेत कित्येक जमाती लाकडाच्या राखेत मका शिजवत. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट टरफल सोडवतं. राख चाळून घ्यायची, कोळसा राहिला तर दाणे काळवंडतात. आणि पोटॅशियमचे क्षार पाण्याबरोबर वाहून जातात, चुन्यासारखी पांढरी खपली भांड्यात धरत नाही. उत्खननात चुनाच दिसतो याचं हेही एक कारण. राखेचं नाव कुणी घेत नाही याचा संताप येतो.

चुनानिवळी: राखेचं प्रमाण कसं धरणार? झाडागणिक तिचा जोर बदलतो. चुना मोजता येतो. तरी जास्त पडला तर पीठ पिवळं आणि कडू, उकळी लांबली तर लगदा.

राखुंडी: प्रमाण हातानेच कळतं. दाणा चिमटीत धरला की साल सुटली पाहिजे.

पाटावरवंटा: खपलीचाही भरवसा नको. माया लोक गिलाव्यासाठीही चुना भाजत, मग भांड्यातला चुना मक्याचाच कशावरून? खात्रीची खूण म्हणजे चुन्यात शिजलेल्या स्टार्चचे सूक्ष्म गोलक. ग्वातेमालातल्या सान बार्तोलो या माया स्थळी शौचकूप म्हणून वापरलेल्या चुलतुनच्या, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठाराच्या, मातीत ते मिळालेत.

चुनानिवळी: ठीक, 8700 चा आकडा मी सोडते. पण चाळणीसारखी भोकं पाडलेली माया मडकी निश्तमाल धुण्याचीच, त्यावर मागे हटणार नाही.

राखुंडी: त्याच मडक्यात राखेतला मकाही धुता येतो.