स्त्रियांनी स्कीवरील बाइंडिंग पुढे सरकवावे का?

हिमगौरी:
नमस्कार. मी स्कीइंग गुलमर्गला शिकले आणि आता म्युनिकला राहत असल्यामुळे हिवाळ्यातले बहुतेक शनिवार-रविवार ऑस्ट्रियातील टिरोलच्या उतारांवर जातात. माझी उंची १५८ सेंटीमीटर आहे, स्की १५४ सेंटीमीटरच्या आहेत, बूट २३.५ मापाचे असून त्यांच्या तळाची लांबी २७४ मिलिमीटर आहे. वळण घेताना स्कीचे टोक बर्फ पकडत नाही, मागचा भाग घसरत जातो आणि दुपार होईपर्यंत मांड्या भरून येतात. प्रत्येक प्रशिक्षक मला "पुढे झुका" एवढेच सांगतो, आणि मी मनापासून प्रयत्न करूनही ते टिकत नाही. याच प्रकारच्या स्कीवर माझ्या नवऱ्याला मात्र असा त्रास होत नाही. स्त्रियांनी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग, थोडे पुढे घ्यावे, असे वाचले. माझे बाइंडिंग रेलवर, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल अशा पट्टीवर, बसवलेले आहे. ते किती सरकवावे, आणि तसे करणे सुरक्षित आहे का?

सह्यसखा:
मी इन्सब्रुकजवळ स्की भाड्याने देणाऱ्या एका दुकानात दोन हिवाळे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बुटाच्या बाजूला तळाचा मध्य दाखवणारी रेघ असते आणि ती स्कीवरच्या खुणेशी जुळवून बाइंडिंग बसवतात. ही पद्धत सोयीची असली, तरी स्की वळवताना आपण बुटाच्या मध्यावर नव्हे, तर चवड्यावर भार देतो. तुमच्या नवऱ्याचे बूट २७.५ मापाचे आहेत असे धरले, तर दोघांच्याही बुटांचा मध्य एकाच खुणेवर असताना तुमचा चवडा त्यांच्या चवड्यापेक्षा सुमारे एक सेंटीमीटर मागे राहतो. म्हणून हा प्रश्न मुळात लहान पावलांचा आहे असे माझे मत आहे. लहान पावलांच्या पुरुषालाही तो येतो. स्त्रियांचा गुरुत्वमध्य उंचीच्या मानाने किंचित खाली असतो हे खरे, पण त्यावरून बाइंडिंगचे स्थान ठरवणे मला पटत नाही.

त्यामुळे एक सेंटीमीटरपासून सुरुवात करावी. मात्र तुमच्या स्की खास स्त्रियांसाठी बनवलेल्या असतील, तर अनेकदा त्यांच्यावरची खूणच आधीपासून पुढे घेतलेली असते, आणि तिच्याही पुढे गेल्यास टोक जास्त ओढू लागते व शेपटीचा, म्हणजे स्कीच्या मागच्या टोकाचा, आधार कमी होतो. बुटाच्या तळाची लांबी बदलत नसल्यामुळे डीआयएन आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडावा याचे माप, तोच राहतो, पण पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळे सरकवावे लागत असतील तर मागचा भाग बुटाला पुढे किती रेटतो, तो दाब पुन्हा तपासलाच पाहिजे. तो चुकला, तर पडताना बाइंडिंग वेळेवर सुटेल याची खात्री राहत नाही. हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बाइंडिंग थेट स्क्रूने बसवलेले असते, तर मी हा प्रयोग सुचवलाच नसता, कारण एक सेंटीमीटर सरकवताना नवी भोके जुन्या भोकांना खेटतात आणि स्क्रूची पकड कमकुवत होते.

निळावंती:
सह्यसखा यांचे गणित बरोबर आहे, पण ताई, बाइंडिंगला हात लावण्यापूर्वी बूट पाहावेत असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. बहुतेक स्त्रियांच्या पोटरीचा स्नायू पुरुषांपेक्षा खालपर्यंत उतरलेला असतो. बुटाची वरची कड त्यावर दाबली की नडगी पुढे ढकलली जाते, गुडघे गरजेपेक्षा जास्त वाकतात आणि तोल सांभाळण्यासाठी नितंब मागे जातात. अशा वेळी "पुढे झुका" हा सल्ला कितीही ऐकला तरी शरीर तो पाळू शकत नाही, आणि दोष मात्र त्या स्त्रीच्या धाडसाला दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते. अमेरिकेतील जीनी थोरेन यांनी कित्येक वर्षे हाच मुद्दा लावून धरला, आणि बाइंडिंग पुढे घेण्याबरोबरच टाचेखाली उंची देण्याचाही आग्रह धरला. टाच थोडी उचलली की पोटरी बुटाच्या कडेतून वर येते. ही उंची काही मिलिमीटरच असावी, कारण टाच फार वर गेली तर तोल सावरायला पुन्हा मागेच बसावे लागते.

मागे बसण्याची सवय गुडघ्यासाठीही धोक्याची आहे. नितंब गुडघ्यांच्या खाली गेलेले, सगळा भार उताराच्या खालच्या बाजूच्या स्कीच्या शेपटीवर आणि वरच्या बाजूचा हात मागे राहिलेला, अशा स्थितीत ती शेपटी तरफेसारखी काम करून गुडघा पिळते आणि सांध्याच्या आतला पुढचा अस्थिबंध (एसीएल) तुटू शकतो. हौशी स्कीअरमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होते, म्हणून हा विषय केवळ सोयीचा समजू नये.

हिमगौरी:
दोघांचेही मनापासून आभार. आधी बूट दाखवले, तेव्हा पोटरीवर खरोखरच दाब येत होता. वरची कड थोडी रुंद करून टाचेखाली तीन मिलिमीटरची पट्टी घातली. एवढ्यानेच मांड्यांवरचा ताण बराच कमी झाला. त्यानंतर तंत्रज्ञाकडून बाइंडिंग एक सेंटीमीटर पुढे घेतले आणि दाब तपासून घेतला. सकाळच्या कडक बर्फावर वळण आता टोकापासून सुरू होते. दुसऱ्या आठवड्यात दोन सेंटीमीटर करून पाहिले, पण वेगात टोके अस्थिर झाली आणि वळणाच्या शेवटी शेपटीचा आधार मिळेना, म्हणून परत एकावर आणले. फेब्रुवारीत गुलमर्गला याच स्की नेणार आहे. तिथल्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी बाइंडिंग पुन्हा मूळ खुणेवर घ्यावे का?

सह्यसखा:
होय, घ्यावे. भुसभुशीत बर्फात टोक वर तरंगत राहायला हवे, आणि पुढे बसवलेल्या बाइंडिंगमुळे ते बुडते. निघण्यापूर्वी म्युनिकलाच ते मागे घेऊन दाब तपासून घ्या.