तांबेकर वाड्याजवळ पायाचं खोदकाम: पुरातत्त्व देखरेख नेमकी कशी ठेवायची?

साइट_रावपुरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बडोद्यात रावपुऱ्यात एका जुन्या घराच्या जागी तळमजला अधिक दोन मजले उभे राहायचे आहेत. प्लॉट ९ × २२ मीटर. तांबेकर वाड्याच्या संरक्षित हद्दीपासून १४० मीटर, म्हणजे नियंत्रित क्षेत्रात. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची एनओसी (ना-हरकत) आली आहे. तिच्यात एक अट आहे: पायाचं खोदकाम पुरातत्त्वाच्या जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करावं, आणि काही निघालं तर काम थांबवून कळवावं.

जुनं घर जोत्यापर्यंत उतरवून झालंय. जोतं ८० सें.मी. उंच, आत भराव. नवीन फुटिंग (स्तंभांखालचे सुटे पाये) १४, प्रत्येक दीड बाय दीड मीटर, खोली २.१ मीटर. मागच्या अंगाला पाण्याची टाकी, ३ × २ मीटर, अडीच मीटर खोल. उत्तरेला शेजारचा जुना वाडा अगदी लगत आहे, त्याचा पाया किती खोल ते कुणालाच ठाऊक नाही.

ठेकेदार म्हणतो जेसीबी लावून दोन दिवसांत सगळे खड्डे मोकळे करतो, जाणकारांना तिसऱ्या दिवशी बोलवा. हे चालेल का? नसेल तर कोणत्या क्रमाने खणायचं, आणि रोज काय काय नोंदवून ठेवायचं?

खापर_खुणा

तिसऱ्या दिवशी बोलावलेला माणूस फक्त खड्ड्यांचे फोटो काढू शकतो. अट पाळल्याचा कागद तयार होईल, देखरेख होणार नाही.

आधी अंतराचं बघा. १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, ही मोजणी संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून होते, वाड्याच्या भिंतीपासून नाही. एनओसीसोबतच्या नकाशात हीच हद्द धरली आहे ना, एवढं तपासा. दुसरं, देखरेख करणाऱ्याला उत्खननाचा परवाना नसतो. तो तुमच्या खोदकामावर नजर ठेवतो, नोंदी करतो आणि गरज पडली तर थांबवतो. एखादी भिंत लागली म्हणून तिच्या मागे मागे फुटिंगच्या रेषेबाहेर खणत जाणं त्याच्या अधिकारात नाही. तसं करावंसं वाटलं तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वडोदरा मंडळाला कळवायचं आणि त्यांच्या उत्तराची वाट बघायची.

आता क्रम. सगळा खेळ क्रमाचाच आहे.

देखरेख जोत्यापासून सुरू करा. जोत्यातला भराव बहुतेक वेळा दुसरीकडून आणलेला असतो, त्यामुळे त्यातली खापरं, काचा, विटांचे तुकडे त्या जागेचे मानू नका. ते वेगळ्या पिशवीत, 'भराव' असं लिहून. पण भरावाच्या खाली, घर बांधलं त्या दिवशीची जमीन झाकून राहिलेली असते, आणि अख्ख्या प्लॉटवर सगळ्यात शाबूत थर बहुधा तोच. ब्रेकर लावून जोतं उखडलं की पहिला बळी त्याचाच. जोत्याचे दगड हाताने सोडवा. भराव मशीनने काढलात तरी तळाचे २० सें.मी. फावड्याने काढा.

मग टाकी. ठेकेदार टाकी नेहमी शेवटी ठेवतात, तुम्ही पहिली घ्या. तिच्या एका कोपऱ्यात दीड बाय दीड मीटरचा चाचणी खड्डा हाताने, थर पाहत, निखळ मातीपर्यंत, म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या नैसर्गिक मातीपर्यंत खणा. दीड मीटरच्या खाली माणूस उतरवायचा तर बाजूंना फळ्या आणि आडवे धीरे (टेकू) हवेत. उपसलेली माती काठापासून दीड मीटर तरी लांब. या एका खड्ड्यावरून बाकी चौदा ठिकाणी कुठल्या खोलीपर्यंत मशीन चालवायचं आणि कुठे थांबवायचं ते कळतं.

निखळ माती ओळखताना हमखास चूक होते ती कंकरात. आपल्याकडे मातीत चुन्याचे नैसर्गिक खडे असतात आणि त्यांना बांधकामातल्या चुन्याच्या मालाचे गोळे समजलं जातं. कधी त्याच्या उलटही होतं. खडा फोडून बघा. आत वाळूचे कण, सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) तांबूस ठिपका किंवा कोळशाचा कण दिसला तर तो माल. एकजीव, कडक, वेडावाकडा असेल तर कंकर.

काळ्या मातीबद्दल आणखी एक. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरच्या थरातलं बारीक सामान त्यातून खाली घसरतं. खालच्या थरात एखादाच बांगडीचा तुकडा मिळाला म्हणून तो थर तेवढा अलीकडचा ठरवू नका. आसपास भेग आहे का ते नोंदवा.

जेसीबी_आणि_थापी

वरच्या उत्तराला जोडून, मशीनचं.

बकेटच्या दातांवर सपाट पातं वेल्ड करून घ्या. दातांनी जमीन नांगरली जाते, काहीच दिसत नाही. पात्याने एका वेळी १० ते १५ सें.मी. खरवडलं की तळ साफ निघतो आणि रंगातला फरक लगेच कळतो. मशीन मागे मागे सरकत यावं, उघडलेल्या तळावर चाक चढू नये. नोंद करणारा ऑपरेटरला समोर दिसेल असा, बुमच्या फेऱ्याबाहेर उभा. हात वर म्हणजे थांब, ही एकच खूण, आणि ती मुकादमासकट सगळ्यांना ठाऊक. विटांची ओळ, राखेचा पट्टा, गोल डाग, वेगळ्या रंगाची सरळ कडा यातलं काहीही दिसलं की तिथून पुढे फावडं आणि थापी.

जेसीबी ठोक भावाने देऊ नका, तासावर द्या. ठोक भावात ऑपरेटरला थांबणं परवडत नाही, म्हणून तो थांबत नाही. रात्रीचं खोदकाम करारातच बंद करा. डंपर नोंद झाल्याशिवाय हलणार नाही, हेही त्याच कागदात.

फुटिंग कुठूनही कशीही न घेता आधी एका रांगेतली घ्या, रस्त्याकडून मागच्या अंगाकडे. प्रत्येक खड्ड्याची एक उभी बाजू त्याच रेषेवर राहील असं बघा. त्या बाजू जोडल्या की २२ मीटर लांबीच्या छेदाचं चित्र तुकड्या-तुकड्याने उभं राहतं. विखुरलेल्या १४ खड्ड्यांतून असं चित्र उभं राहत नाही. लोक वस्तू शोधतात, पण अशा कामात खरी माहिती चरीच्या उभ्या बाजूत असते: कुठला थर कशाने कापलाय, कुठली चर कुठून खाली गेलीये.

नोंदी अशा. प्रत्येक थराला आणि प्रत्येक कापाला (पूर्वी कुणी खणलेल्या खड्ड्याच्या किंवा चरीच्या कडेला) स्वतंत्र क्रमांक. कापाला क्रमांक द्यायला विसरतात आणि मग खड्डा व खड्ड्यातली माती एकच होऊन बसते. रंग माती ओली करून, मुनसेल तक्त्याशी (मातीच्या रंगांच्या प्रमाणित तक्त्याशी) ताडून. पोत, आतले तुकडे, वर कोण, खाली कोण. छेदाचं रेखाटन १:१० प्रमाणात, आडवा नकाशा १:२०. रस्त्यावरच्या एखाद्या न हलणाऱ्या बिंदूवरून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) उंची, 'जमिनीपासून इतकं खाली' असं लिहू नका, कारण उद्या ती जमीनच नसते. फोटोआधी छेद थापीने तासून पाण्याचा फवारा, लाल-पांढरी पट्टी, उत्तर दिशा आणि पाटी. काहीच न निघालेल्या दिवसाचीही नोंद, खणलेल्या खोलीसकट.

काळ ठरवायला तुमच्या भागात काही सोप्या खुणा मिळतात. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, तेव्हा शाबूत थरात ते कौल असेल तर थर त्यानंतरचाच. गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट १८७२ चं. बिडाच्या नळाची चर सयाजीरावांच्या काळात आजवा तलावाचं पाणी शहरात आलं त्यानंतरची, त्यामुळे ती ज्या थराला कापते तो तिच्या आधीचा. वाडा ज्यांचा ते भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, म्हणजे त्या पिढीची जमीन या खुणांच्या खाली सापडायला हवी. रावपुरा कोटाबाहेरचा, मांडवीसारखी जुनी दाट वस्ती खाली लागेल असं गृहीत धरू नका. लागणारच नाही असंही नाही.

चुना_सुरखी

शेजारच्या वाड्याचं कुणी बोललं नाही, आणि अपघात झाला तर तिथेच होईल.

आधी त्याच्या भिंतीलगत एक मीटर रुंदीचा एकच खड्डा, भिंतीच्या मधोमध. कोपऱ्यात नको आणि लाकडी खांबाखाली तर अजिबात नको. पायाचा तळ दिसला की मोजा आणि त्याच दिवशी बुजवा. तो तळ समजा एक मीटरवर निघाला, तर २.१ मीटरचं फुटिंग लगत घेताच येत नाही. दोन पायांच्या तळांना जोडणारी रेषा दोन आडवं, एक उभं याहून तीव्र नको, ही आयएस १९०४ या भारतीय मानकातली मर्यादा मोडते. उपाय दोन. शेजारच्या पायाखाली नवं बांधकाम घालून तो खोल नेणं (अंडरपिनिंग), एक ते सव्वा मीटरचे तुकडे एकाआड एक, पहिल्यांना ताकद आल्यावर मधले. नाहीतर उत्तरेच्या रांगेतली फुटिंग आत सरकवून स्ट्रॅप बीम (दोन फुटिंगना जोडणारी तुळई). माझं मत दुसऱ्याला. खोदकाम कमी, शेजाऱ्याशी भांडण कमी, आणि भिंतीलगतचे थर हात न लागता राहतात.

ब्रेकर त्या भिंतीजवळ नको. डीआयएन ४१५०-३ या जर्मन मानकाप्रमाणे वारसा इमारतीच्या पायाशी कंपन १ ते १० हर्ट्झला ३ मि.मी. प्रति सेकंदापर्यंतच. तीन दिशांचा जिओफोन (कंपनमापक) पायाशी बसवा, वरच्या मजल्यावर नव्हे. आहेत त्या भेगांवर काम सुरू होण्याआधी पट्ट्या लावा आणि शेजाऱ्याच्या सहीसकट फोटो काढा. १४० मीटरवरच्या तांबेकर वाड्याला जेसीबीचं कंपन जाणवणार नाही. तिथल्या भित्तिचित्रांची चिंता असेल तर राडारोड्याचे डंपर वाड्यासमोरून न नेता दुसऱ्या वाटेने काढा.

पंपाचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडू नका. विटा-चुन्याचा पाया भिजला की खालची काळी माती फुगते, आणि भेगा मग तुमच्या नावावर.

मोडी_वाचक

कायद्याचं थोडक्यात. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर कैदेची तरतूद आहे, आणि मालकाने साथ दिली तर त्यालाही. मजुरांना पहिल्याच दिवशी मुकादमासमोर, गुजरातीत आणि हिंदीत, हे सांगा.

मूर्ती निघाली तर आपल्याकडे नारळ आधी फुटतो आणि फोटो नंतर. शेंदूर, पाणी, दूध काही लागण्याआधी ताडपत्री टाका. तांब्याची नाणी चिंच-लिंबाने घासू नका, मातीसकट पिशवीत. चिठ्ठी पिशवीच्या आतही आणि बाहेरही. माणसाची हाडं दिसली तर आधी पोलीस.

साइट_रावपुरा

सर्वांचे आभार. टाकी आधी घेतली. १.१ मीटरवर विटांचं गोल कडं लागलंय, बाहेरून व्यास १.६ मीटर, आतून चुन्याचा गिलावा, आत काळपट ओली माती. अर्धं कडं फुटिंग क्रमांक ११ च्या खाली जातं. आड, खाळकुवा (सांडपाणी जिरवायचा खड्डा) की पाणी साठवायचं टाकं? ठेकेदार म्हणतो वरून पीसीसी (साधं काँक्रीट) ओतू.

खापर_खुणा

पीसीसी ओतू नका, आतली माती बसली की फुटिंग कलेल.

गिलावा नीट बघा. गुळगुळीत, कडक आणि सांध्यात गोलाई दिलेला असेल तर पाणी धरायला केलेलं, म्हणजे टाकं. टाक्याचं तोंड अरुंद आणि पोट मोठं असतं. तुम्हाला दिसतंय ते नुसता गळा असू शकेल आणि खालचा कोठा तीन-चार मीटर पसरलेला. आडाला आतून सहसा गिलावा नसतो, काठाच्या दगडावर दोराचे घासे असतात. खाळकुव्याच्या विटांत मुद्दाम सांधे मोकळे सोडलेले, माती हिरवट-करडी आणि वास येणारी. गिलावा फक्त वरच्या हातभरच आहे की खालीही, हे आधी ठरवा. टाकं वापरातून गेल्यावर त्याचा खाळकुवा केलेलाही असतो.

आत माणूस उतरवू नका, जिना किंवा दोर लावूनही नाही. प्राणवायू नसतो, सडका वायू असतो. वरून हँड ऑगरने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) मधोमध आणि मग बाहेरच्या चार दिशांना, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर टोचा. बाहेरही पोकळ लागलं तर खाली कोठा आहे, आणि मग मशीन त्या भागावर चढवायचंच नाही. मंडळाचा होकार आल्यावर आतली माती अर्धी काढा, अर्धी ठेवा, म्हणजे भरावाचा छेद मिळेल. काठावर आडवे पडून हात पोचेल तेवढंच, मग थांबा. निघालेली माती चाळणीतून काढा. अशा खड्ड्यात घरातली फुटकी भांडी एकगठ्ठा पडतात, हे सामान भरावाच्या पिशवीत मिसळू देऊ नका.

एनओसीच्या अटीप्रमाणे काम थांबवा आणि आजच फोटो व मोजमापं मंडळाला पाठवा, बाकी फुटिंग चालू ठेवता येतील का हेही त्याच पत्रात विचारा.

चुना_सुरखी

११ नंबर हलवा. दोन्ही बाजूंनी कड्याबाहेर किमान एक मीटर सोडून दोन लहान फुटिंग, वरून बीम, स्तंभ त्या बीमवर. खाली कोठा निघाला तर हे अंतर कोठ्याच्या कडेपासून धरायचं. कड्याच्या विटा काढू नका. मंडळाने बुजवायची परवानगी दिली तर आत जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) अंथरून स्वच्छ वाळू, २० सें.मी.चे थर, पाणी मारून. काँक्रीट नको, म्हणजे पुढे कुणाला उघडायचं झालं तर उघडता येईल. टाकीही तिथून सरकवावी लागेल, तिची गळती थेट या वाळूत जाईल. बदललेल्या ड्रॉइंगवर कड्याचं केंद्र, व्यास आणि उंची लिहा आणि तीच प्रत देखरेखीच्या अहवालाला जोडा. उंची किंवा मजले बदलत नसले तरी पायातला बदल एनओसी देणाऱ्यांना पत्राने कळवा.