पावसातली गिओन मिरवणूक
पाऊस असेल तर जपानमधल्या क्योतो शहराच्या गिओन उत्सवाची रथांची मिरवणूक रद्द होईल, म्हणून ती पाहायला जाण्याचा बेत बदलावा, असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. १७ जुलैची ही मिरवणूक जपानी पावसाळ्याच्या अखेरीसच येते आणि २०१५ साली चक्रीवादळ जवळ आले असतानाही ती निघाली होती. रथांवरचे जुने गालिचे अशा दिवशी प्लास्टिकखाली झाकलेले असतात, ही हळहळ खरी. मात्र चौकात चाकांखाली बांबूच्या कामट्या अंथरून, त्यांवर पाणी ओतून, सुमारे १२ टनांपर्यंतचा रथाचा डोलारा दोरांनी आडवा ओढत वळवतात, ते दृश्य भर पावसातही चुकवू नये. छत्रीने मागच्यांना काही दिसत नाही, तेव्हा रेनकोटच न्यावा. आणि हो, चामड्याचे बूट नकोत.